पुणे ते कंपाला व्हाया पिवळं पुस्तक

२०२३ च्या नोव्हेंबरात ताईचा फोन आला, मार्च अखेरची तारीख दिलीये म्हणाली, आणि आईने अभिनंदन वगैरे काही न म्हणता पहिला प्रश्न टाकला, "मग मी कधी येऊ?" ताई आणि जिजू तीन वर्षं झाली युगांडात, कंपालाला, जिजूंची फॅक्टरी मुकोनोच्या बाजूला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे यावर आईने दोन दिवस किल्ला लढवला, पण ताईची नोकरी, तिची तिथली डॉक्टर, आणि सातव्या-आठव्या महिन्यात विमानाने येण्याची कटकट, हे सगळं बघता शेवटी असं ठरलं की माहेरच उठून युगांडाला जाईल. माहेर म्हणजे आई, आणि तिला सोडायला मी. मला ऑफिसातून अडीच आठवडे सुट्टी मिळणार होती, आई तीन महिने राहणार.

आता आई ६३ वर्षांची, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात, आणि परदेशवारीचा अनुभव म्हणजे २०१४ साली भिशीच्या मंडळाबरोबर चार दिवस दुबई. मी आपला त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसलो, म्हटलं अर्ध्या तासात तिकीट बघून टाकू. प्रत्यक्षात त्या तिकिटाला अडीच महिने लागले.

नकाशावर बघितलं तर फार सरळ दिसतं हो. मुंबईतून पश्चिमेला निघायचं, अरबी समुद्र ओलांडला की आफ्रिका. एंटेबेचं विमानतळ जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, व्हिक्टोरिया तलावाच्या काठाला, अंतर साधारण पावणेपाच ते पाच हजार किलोमीटर. पण तिकिटाच्या साइटवर जे रस्ते आले ते बघून चक्कर आली. एक दुबईवरून, म्हणजे आधी उत्तरेकडे वर जायचं आणि मग परत खाली. एक दोहावरून, तेच. एक शारजावरून, स्वस्त पण मध्ये रात्रभर बाकड्यावर. एक अदिस अबाबावरून, इथिओपियात. एक नैरोबीवरून. आणि खाली कुठेतरी कोपऱ्यात एक थेट विमान, युगांडा एअरलाइन्सचं, जे त्याच ऑक्टोबरात मुंबईला सुरू झालं होतं आणि आठवड्यातून फक्त तीन दिवस. खरं सांगायचं तर मी ते थेट विमान पहिल्या दिवशी बघून सोडूनच दिलं. नवीन लाइन, तीनच दिवस, आणि भाडं अदिसच्या पेक्षा माणशी सात-आठ हजारांनी जास्त. मध्यमवर्गीय डोकं, सात हजार दिसले की बाकी काही दिसत नाही.

मग मी आमच्या पेठेतल्या ट्रॅव्हलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सांगितलेला रस्ता ऐकायला एकदम भारी होता. मुंबई ते नैरोबी एक तिकीट, नैरोबी ते एंटेबे दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट, मध्ये पाच तास, आणि सगळ्यात स्वस्त. "नैरोबीहून तासाभराचं विमान आहे, पुणे-गोवा समजा." मी जवळपास हो म्हणून आलो. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती फोनवर ओरडलीच, "बॅगा कोण उचलणार आहे?"

हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून जरा नीट सांगतो. एकाच तिकिटावर दोन विमानं असली तर बॅग मुंबईत दिली की थेट शेवटच्या गावाला मिळते, आणि मधल्या विमानतळावर तुम्ही ट्रान्झिटमध्ये बसून राहता, त्या देशात तुम्ही शिरतच नाही. पण दोन वेगळी तिकिटं घेतली की बहुतेक वेळा पहिली कंपनी म्हणते आमचं काम नैरोबीला संपलं. मग तुम्ही बाहेर यायचं, म्हणजे इमिग्रेशन, म्हणजे केनियात प्रवेश, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, परत चेक-इनच्या रांगेत. आणि पहिलं विमान उशिरा आलं न् दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही, नवीन तिकीट आपल्या खिशातून. बाळंतपणाचं सामान घेतलेली आई आणि मी, दोन ट्रॉल्या, नैरोबीच्या विमानतळावर पळतोय हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि तो प्लॅन तिथेच वारला.

वारला म्हणजे लगेच नाही. कारण डिसेंबरात केनियाच्या अध्यक्षांनी, विल्यम रुटो, जाहीर केलं की जानेवारीपासून केनियाला कुणालाच व्हिसा लागणार नाही. काकांचा लगेच मेसेज, "बघा, व्हिसाच काढून टाकला, आता काय अडचण?" मी पण परत डळमळलो. मग नीट वाचलं तर व्हिसाऐवजी ईटीए नावाचं काहीतरी काढलंय, म्हणजे आधी ऑनलाइन अर्ज करायचा, ३० डॉलर भरायचे आणि परवानगी आल्यावरच विमानात बसायचं. मग त्याला व्हिसा नाही तर काय म्हणायचं? विमानतळाच्या आतच थांबणाऱ्याला ते लागत नाही, पण आम्हाला बॅगांसाठी बाहेर यायचंच होतं. दोघांचे ६० डॉलर म्हणजे तेव्हाचे पाच हजार रुपये, स्वस्ताई संपली.

या सगळ्यात खरा गुंता मात्र तिकिटाचा नव्हताच. गुंता होता कशाच्या आधी काय करायचं याचा, आणि हे मला कुणीच एका दमात सांगितलं नाही, काकांनी नाही, साइटने नाही, ताईला पण विसरायला झालेलं.

युगांडात शिरायला यलो फीव्हरची म्हणजे पीतज्वराची लस लागते, एक वर्षाच्या वरच्या प्रत्येकाला. लस घेतल्यावर एक पिवळं छोटं पुस्तक मिळतं. ई-व्हिसाच्या अर्जात ते पिवळं पुस्तक अपलोड करावं लागतं. म्हणजे लसीच्या आधी व्हिसा नाही. आणि पिवळ्या पुस्तकावर पासपोर्ट नंबर लिहितात. म्हणजे पासपोर्टच्या आधी लस नाही. आणि पासपोर्ट प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक पाहिजे. मी आईचा पासपोर्ट कपाटातून काढला, भिशीच्या दुबईसाठी काढलेला, जून २०१४ चा. दहा वर्षं म्हणजे जून २०२४. आम्ही निघणार फेब्रुवारीत. चारच महिने!

नशीब की हे लस घ्यायच्या आधी दिसलं. समजा आधी जुन्या नंबरवर पिवळं पुस्तक करून बसलो असतो तर मग दोन्ही पासपोर्ट बरोबर न्या, प्रत्येक काउंटरवर समजावत बसा. डिसेंबरभर आईचा पासपोर्ट रिन्यू करण्यात गेला, पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले तर आईने त्यांना चहा-पोहे दिले आणि युगांडा कुठे आहे ते पण सांगितलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवीन पासपोर्ट हातात.

मग लस. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात म्हणून ठराविक वारी, ठराविक माणसं जमवून बोलवतात. पुण्यात आम्हाला हवी ती तारीख मिळेना म्हणून मुंबईतल्या एका सरकारी केंद्रावर नंबर लावला, फी ३०० रुपये माणशी. पण त्याच्या आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, कारण साठीच्या पुढच्यांना ही लस द्यायची का हे विचार करून ठरवतात. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे, म्हाताऱ्या माणसांत क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो, क्वचितच पण तरुणांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी आईला अर्धा तास प्रश्न विचारले, जुने रिपोर्ट बघितले, छातीतल्या थायमस ग्रंथीचा काही आजार झालाय का विचारलं, कुठली स्टिरॉइडची गोळी चालू आहे का विचारलं. लस नको म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन जाता येतं का हे पण मी विचारलं, तर म्हणाले पत्र देता येतं पण ते मानायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवणार, आणि मुळात जिथे खरोखर पीतज्वर आहे तिथे लसीशिवाय तीन महिने राहणं मला पटत नाही. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. बाबा असते तर त्यांनी निर्णय घेतला असता असं आई म्हणाली आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "घेते मी लस. लेकीचं बाळंतपण काय व्हिडिओ कॉलवर करू का?"

केंद्रावर सकाळी नऊला हजर, पहाटेच्या शिवनेरीने गेलो. रांगेत निम्मी जहाजावर काम करणारी पोरं, दोन नायजेरियाला निघालेले इंजिनिअर, एक गुजराती कुटुंब कंपालालाच निघालेलं, त्यांचे आजोबा १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडा म्हटलं तेव्हा तिथून निघालेले आणि आता नातू परत तिथेच दुकान टाकायला चाललेला. आई त्यांच्याशी इतकी रमली की नंबर पुकारला तरी ऐकू आलं नाही. आत नर्सने विचारलं, अंड्याची ॲलर्जी आहे का? आई एकदम ताठ, "आमच्यात अंडं खातच नाहीत." ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे मला माहीत होतं, मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. अजून सांगितलेलं नाही.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, मग ते पिवळं पुस्तक. ते बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर तपासा. आईच्या पुस्तकावर नावात एक अक्षर चुकलेलं होतं, मी परत आत गेलो, त्यांनी कुरकुरत का होईना दुसरं करून दिलं. आणि एक, लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते सर्टिफिकेट लागू होतं, त्याआधी पोचलात तर उपयोग नाही. एकदा झालं की मात्र जन्मभर, पूर्वी दहा वर्षांनी परत घ्यावी लागायची, २०१६ पासून ती भानगड गेली. आणि हे पुस्तक जाताना जेवढं लागतं त्यापेक्षा येताना जास्त लागतं. युगांडा, केनिया, इथिओपिया तिन्ही भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत, तिथून आलेल्या माणसाकडे पुस्तक नसेल तर आपल्या विमानतळावरून थेट क्वारंटाइन, सहा दिवसांपर्यंत. लोक युगांडाचे नियम वाचतात, आपल्याच देशाचा वाचत नाहीत.

व्हिसा त्यामानाने सुखाचा गेला. ऑनलाइन, पन्नास डॉलर आणि वर थोडा चार्ज, फोटो, पासपोर्ट, पिवळं पुस्तक, ताईचं निमंत्रणाचं पत्र. पाचव्या दिवशी मेल.

मध्येच मला एक किडा चावला होता तो पण सांगतो. पूर्व आफ्रिकेचा एक एकत्र टुरिस्ट व्हिसा असतो, शंभर डॉलरचा, केनिया, युगांडा आणि रवांडा तिन्हीला चालतो, नव्वद दिवस. म्हटलं आईला पोचवून मी ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघून येतो. मग कळलं की गंमत अशी आहे की ब्विंडी आहे युगांडात पण नैऋत्येच्या पार टोकाला, एंटेबेहून गाडीने आठ-दहा तास, आणि रवांडाच्या किगालीहून त्याच्या निम्म्यात पोचता येतं. म्हणून बरेच लोक युगांडातले गोरिला बघायला रवांडात उतरतात आणि सीमा ओलांडतात, सीमेवर गाडी रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे घेतात कारण रवांडात उजवीकडून चालवतात आणि युगांडात आपल्यासारखं डावीकडून. रवांडातच गोरिला बघावेत तर परमिट १५०० डॉलर, युगांडात तेव्हा ७००. मी हे सगळं एक्सेलमध्ये मांडून आईला दाखवलं. तिने ७०० गुणिले ८३ केलं. "अठ्ठावन्न हजार? माकड बघायला?" विषय संपला. पण रस्ता आखणं मला तेव्हा आवडायला लागलं होतं एवढं खरं.

आता परत तिकीट. व्हिसा हातात आल्यावर मी सगळे पर्याय परत मांडले, या वेळी भाडं शेवटच्या कॉलमात टाकलं. पहिल्या कॉलमात आई किती वेळा खाली उतरून परत चढणार. अदिसचा रस्ता भाड्याने, वेळेने सगळ्याने चांगला होता पण मध्यरात्रीनंतर निघणं आणि परक्या विमानतळावर विमान बदलणं. दुबईला थांबा सात तासांचा. थेट विमान सकाळी मुंबईहून निघतं आणि दुपारी एंटेबे, घड्याळ अडीच तास मागे असल्यामुळे दिवस वाया जात नाही. शिवाय आई तीन महिन्यांनी एकटी परत येणार होती, तेव्हा हे तिच्या पायाखालचं असेल. हा मुद्दा माझा नाही, जिजूंचा, मला आधी सुचलाच नव्हता. आईचं जाऊन-येऊन थेट काढलं, व्हीलचेअर दोन्ही वेळेला. माझं जाताना थेट, येताना मात्र वार जुळेना म्हणून अदिस.

सामानाची गोष्ट स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे, थोडक्यात सांगतो. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. चार बॅगांपैकी तीन आईच्या. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, अंगाला लावायचं तेल, सहाण आणि वेखंडासकट बाळगुटीच्या मुळ्या. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातल्या तेलाने पेट घेऊ शकतात म्हणून, हे मला आदल्या रविवारी कळलं आणि मग दोन किलो खोबरं किसून, भाजून त्याचे लाडूच करून टाकले, शेजारच्या काकूंसकट चौघी बसल्या होत्या. डॉलर घेतले ते दुकानदाराने जुन्या नोटा दिलेल्या, ताईने सांगितलं परत कर, तिथे जुन्या किंवा मळक्या नोटांना भाव कमी देतात, आणि छोट्या नोटांना पण. परत केल्या.

मुंबईत चेक-इनच्या बाईने व्हिसाच्या आधी पिवळी पुस्तकं मागितली. एंटेबेला उतरल्यावर इमिग्रेशनच्या पण आधी आरोग्यवाले उभे, परत तेच. आईने ते पुस्तक रुमालात गुंडाळून पर्समध्ये देवाच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलं होतं, दोन्ही वेळा आधी अंगारा बाहेर आला. इमिग्रेशनवर बोटांचे ठसे, फोटो, आणि अधिकाऱ्याने विचारलं किती दिवस, तर आईने मराठीत सांगितलं, "लेकीचं बाळंतपण आहे, तीन महिने." मी भाषांतर करायच्या आत ती अधिकारी बाई हसली, कारण तेवढ्यात आईने दोन्ही हातांनी पोटाचा आकार दाखवला होता. नव्वद दिवसांचा शिक्का मिळाला. व्हिसा कितीचाही असो, आत किती दिवस राहायचं ते शिक्क्यावर ठरतं, तो तिथल्या तिथे वाचून घ्या.

बाहेर जिजू गाडी घेऊन. एंटेबेहून कंपालाला एक टोलचा एक्स्प्रेसवे आहे, डावीकडून गाड्या, लाल माती, दोन्ही बाजूला केळी. आई म्हणाली, "हे तर सावंतवाडीसारखंच आहे," आणि मग झोपली.

माझ्या अडीच आठवड्यांत बाळ काही आलं नाही, ते मी परतल्यावर तीन आठवड्यांनी. मधल्या एका रविवारी जिंजाला जाऊन आलो, जिथे व्हिक्टोरिया तलावातून नाईल निघते, तिथे १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग सोडला होता, काठावर पुतळा आहे. आईने नदीला हळद-कुंकू वाहिलं आणि बाटलीत पाणी भरून घ्यायला निघाली, ताईने थांबवलं.

परत येताना अदिसला माझं विमान बदलायला पन्नास मिनिटं होती. एंटेबेहून विमान वीस मिनिटं उशिरा. ट्रान्झिटच्या सिक्युरिटीची रांग मारुतीच्या शेपटीसारखी, बूट काढा, पट्टा काढा, आणि समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या वर आहे ते, पळालं की दम लागतो. मी ३५ वर्षांचा, एका सॅकनिशी, शेवटचा चढलो. सीटवर बसून धापा टाकताना मला फक्त आई, व्हीलचेअर आणि ते सात हजार दिसत होते.

मे महिन्यात आई एकटी आली. मी सकाळी टी-टूच्या बाहेर उभा, विमान उतरून दीड तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराबरोबर गप्पा मारत आली. एवढा वेळ का, तर आरोग्याच्या काउंटरवर एका माणसाकडे पिवळं पुस्तक नव्हतं आणि आई त्याला सगळं समजावून सांगत थांबली होती, आधी पासपोर्ट, मग लस, मग दहा दिवस, मग व्हिसा. "बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं रे," म्हणाली, आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली, "हे नीट ठेव, बारशाला जमलं नाही तुला, पहिल्या वाढदिवसाला जायचंय."